दोन सरकारांचा करार गंगाखेडच्या वेल्डरपर्यंत कसा पोचतो

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही परभणीत खासगी दवाखान्यात जीएनएम नर्स आहात आणि जर्मनीचं मनात आहे. धाकटा भाऊ गंगाखेडला असतो, दहावीनंतर आयटीआय करून वेल्डर झालेला. ओळखीचा एक माणूस त्याला दीड लाखात सौदीला पाठवतो म्हणतो. ‘सध्या व्हिजिटवर जा, तिकडं गेल्यावर इकामा लावून देतील’ असं त्याचं सांगणं आहे. इकामा म्हणजे तिकडं राहून काम करण्याचा परवाना. आणि तुम्ही विचारलंय की पेपरात सारखं येतं, भारताने अमुक देशाशी स्थलांतराचा करार केला. त्याचा आमच्यासारख्यांना खरोखर काही उपयोग असतो का?

असतो. पण तो आपोआप मिळत नाही. चोवीस वर्षं मी संभाजीनगरात बसून हेच काम करतोय. अडकलेले पगार, कफीलकडे, म्हणजे तिकडच्या जामीनदार मालकाकडे, दडपलेले पासपोर्ट आणि दर वर्षी काही मयती परत आणणं. त्यातल्या दोन माणसांची हकिकत आधी सांगतो. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पहिला अर्धापूरकडचा, आठवी शिकलेला, सेंट्रिंगचा कारागीर. त्याच्या पासपोर्टवर ईसीआर होतं, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागणार. त्यामुळे नोंदणीकृत एजंट, ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर चढवलेला करारनामा, विमा, सगळं करूनच तो गेला. दुसरा पाथरीकडचा, दहावी पास, गवंडी. त्याला परवानगीची गरज नव्हती आणि तो व्हिजिट व्हिसावर गेला. दोघंही आखातात परांचीवरून पडले, साधारण वर्षभराच्या अंतराने. पहिला जागीच गेला. त्याच्या बायकोला विम्याचे दहा लाख मिळाले आणि करारनाम्यावर कंपनीचं नाव असल्यामुळे दूतावासाने थकलेला पगारही वसूल करून दिला. दुसरा वाचला, पण पाठीचा कणा गेला. कंपनीने हात वर केले: हा आमचा माणूसच नाही, पाहुणा म्हणून आला होता. दूतावासाच्या कल्याण निधीतून त्याचं तिकीट निघालं, तो घरी आला, बस्स. नुकसानभरपाई कुणाकडे मागायची, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही.

दोघांच्या वेळी भारताचे करार तेच होते, कायदे तेच होते. फरक होता तो नोंदीचा. करार होतो दोन सरकारांत, पण त्यात तुमच्या भावाचं नाव येतं ते ही नोंद झाली तरच.

आता हे चालतं कसं ते पाहू. १९८३ चा आपला उत्प्रवास कायदा सांगतो की ज्यांना परवानगी लागते त्यांनी ती उत्प्रवासी संरक्षक या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याकडून घ्यायची. मराठवाड्याला त्यासाठी मुंबईचं कार्यालय. ही अट १८ देशांसाठी आहे आणि आखातातले सहाही देश त्यात येतात. आपल्या सरकारने या देशांशी वेळोवेळी सामंजस्य करार केले. सौदीशी २०१४ मध्ये घरकामगारांसाठी झाला, २०१६ मध्ये इतर सर्वसाधारण कामगारांसाठी. या करारांत काय असतं? तिकडच्या मालकाने आपली नोंद करायची, पगार आणि कामाचे तास करारनाम्यात लिहायचे, तक्रार आली तर ती दोन्ही सरकारांच्या संयुक्त समितीपुढे मांडता येते. ई-मायग्रेट ही त्याची संगणकावरची बाजू. मालक, एजंट, कामगार आणि करारनामा एकाच ठिकाणी दिसतात. उद्या मालक म्हणाला, ‘मी एवढा पगार कबूलच केला नव्हता,’ तर दूतावासातला अधिकारी तो करारनामा उघडून दाखवू शकतो. कामगाराच्या खिशात दोन भाषांतले दोन वेगळे कागद असले की काय होतं, हे मी फार वेळा बघितलंय. इथे सही घेतलेल्या कागदावर १,८०० रियाल आणि तिकडे पोचल्यावर पुढे केलेल्या अरबी कागदावर १,०००.

या व्यवस्थेत एक मोठं भगदाड आहे आणि तुमचा भाऊ नेमका तिथेच उभा आहे. दहावी पास झालेल्याला ईसीएनआर पासपोर्ट मिळतो, म्हणजे परवानगीची गरज नाही. शिकलेला माणूस स्वतःचं हित सांभाळू शकतो, हा त्यामागचा विचार. पण वेल्डर, गवंडी, ड्रायव्हर यांच्या बाबतीत दहावीची गुणपत्रिका काही रक्षण करत नाही. प्रवासी भारतीय बीमा योजनेची सक्तीही ईसीआरवाल्यांनाच आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख. ईसीएनआरवाल्यांनीही जाण्याआधी नोंद करावी असा आदेश सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढला होता. १ जानेवारी २०१९ पासून तो लागू व्हायचा होता, पण अंमल होण्याआधीच स्थगित झाला. माझं स्पष्ट मत आहे की तो लागू व्हायला हवा होता. आता नोंद ऐच्छिक आहे. म्हणून भावाला सांगा, सक्ती नाही म्हणून सोडू नको, स्वतःहून कर. काही एजंट तर ईसीआरवाल्या पोरांना खोटी दहावीची गुणपत्रिका काढून देतात, परवानगीची कटकट नको म्हणून. असं कुणी सुचवलं तर त्या माणसाच्या दारात पुन्हा जाऊ नका. तो गुन्हा तर आहेच, शिवाय विम्याचं आणि परवानगीचं असलेलं कवचही तुम्ही स्वतःच्या हाताने काढून टाकता.

दीड लाखाचं आता. नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून घेता येतात जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी. पावती द्यावी लागते. गावातला ‘ओळखीचा माणूस’ हा बहुतेक वेळा सब-एजंट असतो आणि कायद्यात सब-एजंट नावाचा प्राणी नाही. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेटवर उघड आहे. नाव आणि नोंदणी क्रमांक टाकून दोन मिनिटांत बघता येतं. व्हिजिट व्हिसावर काम करायचं म्हणजे तिकडच्या कायद्याने पहिल्या दिवसापासून गुन्हेगार. ‘आझाद व्हिसा’ म्हणून जे विकलं जातं तेही तसंच. व्हिसा एका मालकाच्या नावचा आणि काम दुसऱ्याकडे, म्हणजे पहिल्या मालकाने ‘हुरूब’ लावला, कामगार पळाला अशी तक्रार केली, की पोरगं तुरुंगात. सौदीने मार्च २०२१ पासून कफील पद्धत थोडी सैल केली, वर्षभराचा करार पुरा झाल्यावर मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येते. पण हा लाभ नीट इकामा आणि नोंदलेला करार असलेल्यालाच. घरकामगार, घरचे ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ यांना त्यातून वगळलंय. आपल्या भागातली कितीतरी पोरं ‘हाउस ड्रायव्हर’ म्हणूनच जातात, हे लक्षात ठेवा.

वेल्डरसाठी सौदीने व्हिसाआधी कौशल्य-पडताळणीची परीक्षा लावलीय. ती इथेच, भारतात होते. लोक त्याला अडथळा समजतात. मी तसं समजत नाही. परीक्षा पास झालेला वेल्डर तिकडे ‘हेल्पर’च्या पगारावर ढकलला जाण्याची शक्यता कमी होते. आपल्या आयटीआयतली पोरं हाताने चांगली असतात. परीक्षेला घाबरून व्हिजिटचा रस्ता धरू नये.

आता मूळ प्रश्नाच्या खोलात जातो, कारण तुम्ही तो मनापासून विचारलाय. सरकारं हे करार का करतात आणि ते इतके लुळे का वाटतात?

आपल्याकडे बीड, परळी, केज, धारूरकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यांचं उदाहरण घ्या. एका टोळीने दर वाढवून मागितला तर मुकादम शेजारच्या तालुक्यातली टोळी उचलतो. म्हणून दर कधीच टोळीगणिक ठरले नाहीत. संघटना एका बाजूला, साखर संघ दुसऱ्या बाजूला आणि मध्ये लवाद. गोपीनाथ मुंडे अनेक वर्षं त्या लवादात होते. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढ झाली, तीही अशीच संप आणि बोलणी यांतून. आखाताचंही असंच आहे, फक्त टोळीच्या जागी देश आहे. भारताने किमान पगार वाढवून मागितला तर कंपनी नेपाळ, बांगलादेशकडे वळते. २०२० मध्ये कोविडच्या काळात भारताने आखातासाठीचे किमान शिफारस पगार ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणले, नोकऱ्या टिकाव्यात म्हणून. त्यावर खूप आरडाओरडा झाला आणि २०२१ मध्ये ते पुन्हा पूर्ववत केले. त्या महिन्यांत गेलेल्या पोरांचे करारनामे माझ्याकडे आहेत. तोच मालक, तेच काम, पगार मात्र तिसरा हिस्सा कमी.

यावर उपाय म्हणजे माणसं पाठवणाऱ्या देशांनी एकत्र बसणं. २००३ मध्ये आशियातले असे देश कोलंबोत जमले, त्याला कोलंबो प्रोसेस म्हणतात. भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, फिलिपिन्स वगैरे त्यात आहेत. २०२४ मध्ये पहिल्यांदा भारताकडे त्याचं अध्यक्षपद आलं. २००८ पासून अबुधाबी संवाद सुरू झाला, तिथे पाठवणारे आणि घेणारे दोन्ही बसतात. डिसेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित आणि सुव्यवस्थित स्थलांतराचा जागतिक मसुदा स्वीकारला. १५२ देशांनी बाजूने मत दिलं, भारतानेही. तो कायद्याने बांधील नाही. मला लोक विचारतात, मग काय कामाचा? कामाचा असा की कामगाराकडून भरतीचा खर्च घेऊ नये, तो मालकाने द्यावा, हे तत्त्व त्यात लिहिलं गेलं. पुढच्या द्विपक्षीय करारांत तेच मागता येतं. मात्र स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा १९९० चा जो खरा बांधील करार आहे, त्यावर भारतानेही सही केलेली नाही आणि आखातातल्या एकाही देशाने नाही. पाठवणारा आणि घेणारा दोघेही बाहेर, हे मला फार खुपतं.

आता तुमच्याकडे येतो, ताई. तुमचा रस्ता भावाच्या रस्त्यापेक्षा मुळातच वेगळा आहे. आखाताशी केलेले करार हे जाण्याचे आणि परत येण्याचे करार आहेत. वीस वर्षं राबलं तरी तिथे मुक्काम नोकरीपुरताच; नोकरी गेली की खुरूज, म्हणजे देश सोडायचा. जर्मनीशी झालेल्या करारात वसण्याची वाट आहे. हा फरक आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगताना मी चाऊस मंडळींचं उदाहरण देतो. परभणी, नांदेड, संभाजीनगरला चाऊस घराणी आहेत. त्यांचे पूर्वज येमेनच्या हद्रमौत भागातून निजामाच्या फौजेत आले. पिढ्यान्‌पिढ्या इथेच वाढले, पण त्यांच्या राहण्याचं कागदोपत्री काहीच ठरलेलं नव्हतं. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर अचानक प्रश्न उभा राहिला, हे इथले की तिथले? अनेकांना डांबलं गेलं, काहींना एडनकडे पाठवलं गेलं. एडन तेव्हा ब्रिटिशांकडे, त्यामुळे सगळा मामला तिसऱ्याच सरकारच्या दारात. ज्यांनी मराठवाड्याबाहेरचं गाव कधी पाहिलं नव्हतं त्यांना विचारलं जात होतं, तुमचा देश कोणता? वसणं आधी ठरवून, लिहून घ्यायला हवं, हे मी तिथून शिकलो.

जर्मनीने ते लिहून ठेवलंय. भारत-जर्मनी स्थलांतर आणि गतिशीलता करार ५ डिसेंबर २०२२ ला दिल्लीत झाला. २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची मर्यादा वर्षाला २०,००० वरून ९०,००० केली. कुशल म्हणून मान्यता मिळाल्यावर तीन वर्षं काम, पेन्शनची वर्गणी आणि बी१ भाषा (ए१, ए२, बी१, बी२ या जर्मन भाषेच्या चढत्या पायऱ्या) एवढं झालं की कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. नवरा आणि लेकरं सोबत येऊ शकतात, नवऱ्याला कामही करता येतं. आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही: भारत आणि जर्मनीमध्ये सामाजिक सुरक्षेचा करार आहे, २०१७ पासून लागू. तिकडे पेन्शनमध्ये भरलेले पैसे परत आल्यावर बुडत नाहीत. भारतातली आणि जर्मनीतली वर्षं हक्कासाठी जोडून धरता येतात. असा करार आखातातल्या एकाही देशाशी नाही. भावाने पंधरा वर्षं सौदीत काढली तरी तिकडून म्हातारपणी दरमहा काही येणार नाही.

नर्सना पाठवण्यात दुसरी एक बाजू आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१० पासून आचारसंहिता आहे की ज्या देशांत आरोग्य कर्मचाऱ्यांची फार टंचाई आहे तिथून श्रीमंत देशांनी भरती करू नये. अशा टंचाईच्या देशांच्या यादीत भारत नाही, म्हणून जर्मनीला आपल्याकडून नर्स घेता येतात. परभणीच्या सरकारी दवाखान्यात एका नर्सकडे किती खाटा असतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तरीही मी तुम्हाला जाऊ नका म्हणणार नाही. टंचाईचा भार एका मुलीच्या आयुष्यावर टाकून ती दूर होत नसते.

व्यवहाराचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, पहिल्या टप्प्यात १०,००० कुशल तरुण पाठवण्याचं उद्दिष्ट ठेवलं. नर्स त्यात होत्या. माझा अनुभव असा की अशा कुठल्याही घोषणेवर नोकरी सोडायची नाही. खरी अडचण व्हिसाची नसते, भाषेची असते. नर्सला साधारण बी१ वर जाता येतं, पण नर्स म्हणून काम करण्याच्या पूर्ण परवान्यासाठी बी२ लागतं. तोवर मदतनीस म्हणून, कमी पगारावर काम करावं लागतं. दवाखान्याच्या शिफ्ट सांभाळून बी२ पर्यंत पोचायला दीड वर्ष धरा. तुमच्या जीएनएमच्या तीन वर्षांचे विषयवार तास, प्रात्यक्षिकांचे दाखले, नोंदणी परिषदेचं प्रमाणपत्र आत्तापासून जमवा. जुन्या कॉलेजातून हे कागद मिळायलाच महिने जातात. केरळ सरकारची नोर्का ही संस्था जर्मन सरकारसोबत ‘ट्रिपल विन’ नावाने नर्स पाठवते, त्यात भाषेचा आणि भरतीचा खर्च उमेदवाराकडून घेत नाहीत. हे उदाहरण डोक्यात ठेवा आणि कुणी जर्मनीसाठी तीन-चार लाख ‘प्रोसेसिंग’ मागितले की विचारा, केरळच्या मुलीला जे फुकट मिळतं ते मला विकत का?

आणि करार वाचताना त्याचं मागचं पानही वाचायचं. जर्मनी, ब्रिटन यांच्याशी झालेल्या अशा करारांत आपण एक गोष्ट कबूल केलीय: कागदाशिवाय तिकडे राहिलेल्या आपल्या माणसांची ओळख पटवून त्यांना परत घ्यायचं. त्या बदल्यात इतरांसाठी दार उघडलं गेलं. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ जण अमृतसरला उतरवले गेले, त्यांत तिघं महाराष्ट्राचे होते. बेड्या घातलेले ते फोटो बघून मला झोप लागली नाही. पण चुकीच्या वाटेने गेलेल्या प्रत्येकामागे इथे कुणीतरी पैसे घेतलेला असतो, आणि तो मात्र घरीच असतो.

तर भावासाठी: त्या माणसाला फोन करून तीन गोष्टी विचारा. एजंटचा नोंदणी क्रमांक काय, सौदीतल्या मालकाचं नाव आणि करारनामा कुठाय, पैशाची पावती मिळेल का. एकाला जरी ‘ते नंतर बघू’ उत्तर आलं तर विषय तिथेच बंद. नंतर भावाला वेल्डिंगच्या कौशल्य परीक्षेची चौकशी करायला लावा आणि गामका मेडिकल, म्हणजे आखातात जाण्याआधीची वैद्यकीय तपासणी, खऱ्या व्हिसाचं ठरल्यावरच करा, आधी नाही. करारनाम्याचा फोटो, पासपोर्टची झेरॉक्स आणि मालकाचा पत्ता घरी आईकडे ठेवा. आमच्याकडे रात्री-अपरात्री फोन येतात, ‘लेकरू तिकडं अडकलंय’ म्हणून. मी पहिलं विचारतो, कंपनीचं नाव काय? दहातल्या सात घरांत ते कुणालाच माहीत नसतं आणि मग दूतावासाला नुसतं ‘रियाधमध्ये कुठेतरी’ एवढंच सांगता येतं.

तुमच्यासाठी: उद्याच नोकरी सोडू नका, उद्याच ए१ चा वर्ग लावा. भाषा अंगी लागते की नाही ते तीन-चार महिन्यांत कळतं. ए१ चा निकाल हातात आला की पुन्हा लिहा, कागदपत्रांचं पुढचं तेव्हा बघू.